मुलगी दुसरीत आहे. ‘पंचवीस’ सांगितलं की ५२ लिहिते. कसं समजवावं?

आठवडाभर लिहून घेणं थांबवा आणि तिच्याकडून आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून घ्या. रबर तिनंच लावायचं. तयार गठ्ठा हातात दिला तर तिच्या लेखी ती एकच जाडी काडी असते. मग ‘पंचवीस काड्या दे’ म्हणा. दोन गठ्ठे, पाच सुट्या. गठ्ठे तिच्या डाव्या हाताला, सुट्या उजवीकडे, आणि त्याच क्रमानं खाली अंक.

गोंधळ बहुधा भाषेतून येतो. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर. एकोणतीस तर आणखी अवघड, कारण कानावर ‘तीस’ पडतं आणि पोर ३९ लिहून मोकळं होतं. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी जोड वाचनपद्धत आली होती. तिच्यावर बराच गदारोळ झाला, पण समजायला ती उपयोगी आहे असं माझं मत. फक्त ‘पंचवीस’ सोडू नका. बाजारात, घड्याळात तेच चालतं. दोन्ही म्हणू द्या.

काड्या जमल्या की पुठ्ठ्याची कार्डं करा: २० चं लांब, ५ चं अर्ध्या लांबीचं. ५ हे शून्यावर ठेवलं की २५ दिसतं, उचललं की खाली २० तसंच असतं.

एक मात्र बघा. समोरचं पाहून उतरवतानाही ती वारंवार अंक उलटे करत असेल, तर अडचण निव्वळ दशक-एककाची नसेल, बाईंशी बोला.