आतून धुण्याने संरक्षण मिळत नाही

प्रश्न : मी वेश्यावस्तीतल्या आरोग्य प्रकल्पात पिअर (वस्तीतल्या बायकांना आरोग्याची माहिती देणारी त्यांच्यातलीच कार्यकर्ती) म्हणून काम करते. गिऱ्हाईक गेले की आमच्या बायका साबणाने, जंतुनाशक घातलेल्या पाण्याने, कधी लिंबू पिळून आतून धुतात. निरोध फाटला तर जास्तच. मालकाबरोबर, म्हणजे कायमच्या जोडीदाराबरोबर, मात्र निरोध नसतो. त्यांना काय सांगावे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : ताई, स्वतःला जपण्यासाठीच त्या हे करतात, म्हणून त्यांना रागावू नका, कारण नीट समजावून सांगा. योनीमार्गातील लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू आतला भाग आम्लधर्मी (सामू म्हणजे पीएच साधारण ३.८ ते ४.५) ठेवून रोगजंतूंना आवर घालतात, साबण आणि जंतुनाशक या राखणदारांनाच धुऊन टाकतात. मग मासळीसारख्या वासाचा पातळ स्राव सुरू होतो, त्या वासाने बाई आणखी धुते आणि त्रास वाढतच जातो. लिंबाच्या रसाने आतली नाजूक त्वचा चुरचुरते, सोलवटते, आणि अशा त्वचेतून एचआयव्हीचा शिरकाव सोपा होतो. शुक्रजंतू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या मुखात शिरतात, त्यामुळे धुण्याने गर्भही टळत नाही. बाहेरचा भाग साध्या पाण्याने, पुढून मागे असा धुणे पुरेसे आहे.

निरोध फाटल्यास ७२ तासांच्या आत, खरे तर त्याच दिवशी, सरकारी रुग्णालयात जाऊन गर्भनिरोधाची आपत्कालीन गोळी आणि एचआयव्हीप्रतिबंधक औषधे यांची विचारणा करावी. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास निरोधाचे रबर कमकुवत होते, हेही आवर्जून सांगा.

मालकाचा प्रश्न अवघड आहे, कारण तिथे निरोध मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे दोघांनाही वाटते. म्हणून गर्भनिरोधाचे दुसरे साधन बाईच्या स्वतःच्या हाती असावे, असे माझे ठाम मत आहे. दर तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते; मात्र सुरुवातीला अंगावरून अवेळी जाते, धंद्याचे दिवस बुडतात आणि बायका पुढचे इंजेक्शन टाळतात, म्हणून ही कल्पना आधीच द्यावी. तांबी दहा वर्षांपर्यंत चालते, पण ती बसवण्यापूर्वी जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून घ्यावी लागते. ही दोन्ही साधने गर्भ रोखतात, गुप्तरोग रोखत नाहीत. त्यामुळे निरोध चालूच ठेवायचा, आणि मालकाशीही त्याविषयी बोलायचे.

ओटीपोटात दुखणे, जखम किंवा पिवळट स्राव दिसल्यास प्रकल्पातल्या तिमाही तपासणीची वाट पाहू नये. परमा (गनोरिया) किंवा गरमी (सिफिलिस) निघाल्यास मालकानेही त्याच वेळी औषध घेणे आवश्यक आहे, नाहीतर तिला तोच आजार पुन्हा होतो.