गाडी झोपतच नाहीये

प्रश्न: माझी सेकंडहॅन्ड जर्मन लक्झरी सेडान आहे, २००८ची. शनिवारी लावून ठेवली की बुधवारी डेड, रिमोटलाही दाद देत नाही. ९० अँपिअर-अवरची नवी बॅटरी टाकली तरी तेच. गॅरेजवाला म्हणतो अख्खं वायरिंग बदलू. त्यात बॉनेट उघडलं तर बॅटरीच नाही, ती निघाली डिकीत! हा काय प्रकार आहे?
– एक वाचक, पुणे

उत्तर: वायरिंगला आधी कोणाला हात लावू देऊ नका. बॅटरी डिकीत असणं नॉर्मल आहे, पुढे जागा नसते आणि इंजिनची धगही लागत नाही. उदाहरणार्थ, बीएमडब्ल्यूच्या फाइव्ह सीरिजमध्ये (त्या काळच्या पिढीचा कोड ई६०) ती डिकीत उजव्या बाजूला असते, तिथून एक जाड केबल पुढे जाते, आणि जंप स्टार्टसाठी बॉनेटखाली वेगळा पॉइंट दिलेला असतो. प्लसच्या टर्मिनलला तर छोटा स्फोटक चार्ज असतो, अपघात झाला की तीच केबल तोडून टाकतो.

आता मुख्य गोष्ट. जुन्या गाडीत बटण दाबलं की करंट थेट मोटरला जायचा. तुमच्या गाडीत बटण फक्त निरोप देतं, "काच खाली घे", आणि दारातलं मॉड्यूल, म्हणजे छोटा कंप्युटर, मोटर फिरवतं. अशी डझनांनी मॉड्यूल्स एकमेकांत पिळलेल्या दोन तारांवर बोलत असतात, त्याला कॅन बस म्हणतात. बॉशने ती १९८६ला जगासमोर आणली, १९९१च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ती आधी आली.

गाडी लॉक केली की ही सगळी मंडळी हळूहळू झोपतात, पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो, मग ढोबळमानाने ५० मिलीअँपिअरच्या आत करंट राहतो, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, महिनाभर गाडी उभी राहिली तरी चालते. पण एखादं मॉड्यूल जागं राहिलं की ते बसवर बडबडत राहतं आणि बाकीच्यांनाही झोपू देत नाही. समजा १ अँपिअर खाल्ला तर दिवसाला २४ अँपिअर-अवर, चार दिवसांत ९६, आणि बॅटरी तर ९०ची. तुमचा बुधवार इथेच सापडला.

शोधायचं असं. डिकी उघडी ठेवा पण तिच्या कुलपाची खिटी (लॅच) स्क्रूड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला डिकी बंद वाटेल. लॉक करा, चावी लांब ठेवा, तासभर थांबा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (तार न सोडवता तिच्याभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजतो तो) मायनसच्या केबलला लावा, बॅटरी काढू नका, काढली की मॉड्यूल्स रीसेट होतात आणि चोर पळून जातो. फ्यूजही उपटत बसू नका, त्यानेही झोपलेली जागी होतात. फ्यूजच्या पाठीवरच्या दोन टोकांवर मिलीव्होल्ट मोजा. जिथे रीडिंग दिसेल ते सर्किट धरा, बाकीची शून्याच्या आसपास असतात.

आणि हो, बॅटरी बदलल्यावर स्कॅनरवरून रजिस्टर केली होती का, म्हणजे नवी बॅटरी टाकलीय हे गाडीच्या कंप्युटरला कळवलं होतं का? ई६०ला ते लागतं, नाहीतर गाडी जुनीच बॅटरी समजून चार्ज करत राहते. अर्थात तुमची चार दिवसांची तक्रार त्याने होत नाही, पण नवी बॅटरी लवकर मरते.

मीटर आणायच्या आधी एक फुकटचं काम करा. डिकीतला कार्पेट उचला आणि खालच्या फोमवर हात दाबा. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत टेललाइटचं रबर आटलं होतं, पावसाचं पाणी थेट मॉड्यूलवर, कनेक्टरच्या पिना हिरव्यागार. हात ओला झाला तर आधी ते रबर बदला.