वाचकांचे प्रश्न : वळणावर डबा का घसरतो?

प्रश्न : सहा फूट बाय चार फूट प्लायवुडवर मी एचओ मापाची (खऱ्याच्या 1:87 आकाराची) मॉडेल रेल्वे मांडली आहे. दोन्ही टोकांना फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकणारा रूळ) वाकवून 18 इंच त्रिज्येची वळणे केली आहेत. इंजिन एकटे नीट फिरते. पण आयसीएफ (चेन्नईची इंटिग्रल कोच फॅक्टरी) पद्धतीचे पाच डबे जोडले की डावीकडच्या वळणावर दुसरा किंवा तिसरा डबा रूळ सोडतो. वेग कमी करूनही फरक पडत नाही. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही वळणांची त्रिज्या सारखी असूनही गाडी डावीकडेच घसरते, या आपल्या निरीक्षणातच अर्धे उत्तर आहे. वळण तीव्र आहे, हे खरे. आपल्या ब्रॉडगेजवर 175 मीटर त्रिज्येचे वळण ही तीव्रतेची मर्यादा मानली जाते आणि एचओच्या 1:87 प्रमाणात ती 2 मीटर भरते. आपले वळण जेमतेम 457 मिलिमीटरचे आहे. तरीही उजवीकडे तेच डबे सुखरूप जातात, म्हणून आधी डावीकडचा रूळ तपासावा.

एकच डबा हाताने अगदी सावकाश ढकलावा आणि चाकाची कड जिथे रुळावर चढू लागते तिथे पेन्सिलीने खूण करावी. बहुतेक वेळा ही खूण सांध्यापाशी पडते. फ्लेक्स ट्रॅकच्या रुळाला सरळ होण्याची ओढ असते. त्यामुळे वळणात आलेल्या सांध्यावर दोन्ही टोके बाहेर रेटली जातात आणि गोलाईऐवजी तिथे कोपरा तयार होतो. डोळा रुळाच्या पातळीवर आणून, मागून टॉर्च धरून पाहिल्यास तो कोपरा स्पष्ट दिसतो, आणि आतल्या कडेवरून नख फिरवले की टोचतो. जोडपट्टी चिमट्याने दाबून हा दोष जात नाही, हे मी अनेक वर्षांच्या अनुभवाने सांगतो. तेवढा भाग उचलावा, दोन्ही तुकडे सरळ असतानाच टोकाला टोक भिडवून सोल्डर करावेत आणि मगच एकसंध वाकवावेत. वाकवताना आतला रूळ टोकाशी पुढे सरकतो. तो मापात कापून कानशीने गुळगुळीत करावा. पावसाळ्यात प्लायवुड फुगून रुळाला पीळ पडला आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

रूळ निर्दोष असेल, तर डब्याकडे वळावे. आयसीएफ डबा या मापात 245 मिलिमीटर लांब असतो आणि आपल्या वळणावर त्याच्या प्रत्येक बोगीला (म्हणजे डब्याखालच्या, चाके बसवलेल्या फिरत्या चौकटीला) सुमारे 11 अंश वळावे लागते. डबा उलटा करून बोगी बोटाने फिरवावी. पायरी किंवा तळाचा एखादा भाग आड येत असेल, तर तो घासून मोकळा करावा. एकाच आसावरील दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतर कॅलिपरने मोजावे. ते साधारण 14.4 मिलिमीटर असावे.

पुढचे डबे हलके असले की मागच्यांच्या ओढीने ते वळणाच्या आत कलतात. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार एचओ डब्याला 1 औंस आणि शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस वजन असावे. आपल्या डब्यासाठी ते सुमारे 165 ग्रॅम होते. कमी पडणारे वजन तळाशी, दोन बोगींच्या मधोमध चिकटवावे.

एक सुचवतो. चार फुटांत 22 इंच त्रिज्येचे वळण बसते आणि दोन्ही कडांना दोन-दोन इंच उरतात. डाव्या टोकाचा रूळ उचलणारच असाल, तर हा बदल त्याच वेळी करावा आणि कडेला उंच पट्टी ठोकावी. 18 इंच कायम ठेवायचे असेल, तर तिथे आखूड, चारचाकी मालडबे अधिक निर्धास्तपणे धावतील. नेरळ-माथेरानची गाडी घाटातली वळणे घेऊ शकते, ती अरुंद गेज आणि आखूड डबे यांच्या बळावरच.

प्रश्न : वळणावर बाहेरचा रूळ उंच केल्यास घसरणे थांबेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. खऱ्या रेल्वेत ही उंची वेगासाठी दिली जाते. मॉडेलमध्ये तिचा उपयोग केवळ दिसण्यापुरता आहे. आत कलणारा हलका डबा तिच्यामुळे अधिकच लवकर पडतो. द्यायचीच असेल, तर स्लीपरच्या (रुळाखालच्या आडव्या पट्टीच्या) बाहेरच्या टोकाखाली अर्ध्या मिलिमीटरची कार्डाची पट्टी पुरे, आणि तीही वळणाच्या सुरुवातीला हळूहळू चढत गेली पाहिजे.