गाणं कुठंय?

अगं,

तुझा मेसेज रात्री दीडला आला तेव्हा मी जागाच होतो, पण लगेच उत्तर दिलं असतं तर जरा तिखट गेलं असतं म्हणून सकाळपर्यंत थांबलो. तरी थोडं तिखट जाणारच आहे, त्याला माझा इलाज नाही.

तीन फाइली पाठवल्यास. एकीत गिटारवर पहिला ड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडणारा पेडल, दुसरीत दुसरा, तिसरीत दोन्ही आणि वर तो चमचमता रिव्हर्ब, मोठ्या दालनात घुमल्यासारखा. सोबत पेडलबोर्डाचा फोटो, पायाने दाबून आवाज बदलायचे अकरा पेडल आहेत, मोजले मी. आणि खाली, "सर यातला कुठला टोन बरा वाटतो, स्टुडिओत माझी गिटार ऐकूच येत नाही आणि आली तर टोचते." तिन्ही फाइली दोनदोनदा ऐकल्या. तिन्ही छान वाटतायत. आणि तिन्हींचा मला काडीचा उपयोग नाही, कारण तिन्हीत नुसती गिटार आहे. गाणं कुठंय? ड्रम कुठायत, बेस कुठाय, गाणारी कुठाय? तक्रार तुझी गाण्यातली आहे आणि पुरावा पाठवलायस गाण्याबाहेरचा.

हात चांगला आहे वगैरे मी लिहीत बसत नाही, ते तुला माहितीये, माहिती नसतं तर तुला सेशनला, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगवर वाजवायला, बोलावलंच नसतं कुणी. अडचण हाताची नाहीचे. तू टोन खोलीत बसून एकटीने लावतेस आणि मग तो गाण्यात नेऊन कोंबतेस, एवढीच अडचण आहे.

खोलीत काय होतं माहितीये का. रात्रीची वेळ, आवाज बारीक ठेवलेला. बारीक आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, अगदी वरचेही काहीसे कमी, हे माझं मत नाही, फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. मग तू काय करतेस, बेस म्हणजे खालचे सूर वाढवतेस, ट्रेबल म्हणजे वरचे वाढवतेस, मिड्स म्हणजे मधले खाली घेतेस, आहाहा, कसं भरलेलं वाटतं. तोच टोन स्टुडिओत मोठ्याने लागला की खाली घुमतो आणि वर टोचतो, आणि मधे, जिथे गिटारने राहायचं असतं, तिथे तूच खड्डा करून ठेवलेला असतो. ऐकू येत नाही आणि आली तर टोचते, या दोन वेगळ्या तक्रारी नाहीयेत गं. एकच आहे.

गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते. बेस गिटारची त्याच्या एक सप्तक खाली, ४१ ला. म्हणजे तू बेसचा नॉब चढवून जे जाडजूड काय ते मिळवतेस ना, ते बेसवाल्याचं आणि किकचं, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचं, घर आहे. मिक्स करणारा पहिलं काम काय करतो, तर तुझ्या ट्रॅकचा खालचा भाग कापतो. मग तू लावलेल्या टोनमधलं उरलं काय? वरचं टोचणारं. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर तसाही पाच हजार हर्ट्झच्या पुढे ढेपाळतो, म्हणजे खरी जागा मधली, आणि ती मधली जागा एकटी ऐकली की कुणालाच आवडत नाही, नाकात बोलल्यासारखी वाटते. म्हणून म्हणतो गाण्यात ऐक.

ट्यूब स्क्रीमर या ड्राइव्ह पेडलचं घे. तू लिहिलंयस की तो हिरवा पेडल तुला "पातळ आणि नाकातला" वाटला म्हणून विकायला काढलायस. थांब जरा. तो पेडल मुद्दाम तसा आहे. साधारण ७२० हर्ट्झच्या खालचं तो ड्राइव्ह करायच्या आधी कमी करतो, वरचंही टोन नॉबपाशी थोडं गुळगुळीत करतो, म्हणून मधलं पुढे येतं. एकटा ऐकलास तर नाकात, गाण्यात ऐकलास तर नेमका मधल्या जागेत बसतो, बेसशी भांडत नाही, गाणारीच्या अंगावर जात नाही. १९७९ च्या आसपास आला आणि अजून लोकांच्या पायाखाली आहे, उगाच नाही. तू तो गाण्यात एकदा तरी ऐकलास का? नाही. विकायला मात्र काढलास.

रागावलो नाहीये. म्हणजे रागावलोय, पण तुझ्यावर कमी आणि स्वतःवर जास्त, कारण हे सगळं मी केलंय.

माझा बोर्ड दुमजली होता. उचलायला दोन माणसं लागायची आणि त्यातला एक कायम मीच. एका सेशनला सगळं जोडलं, कानात तालाची क्लिक सुरू झाली, आणि बोर्डातून हूंऽऽऽ. केबल बदलल्या, अ‍ॅडॅप्टर बदलला, एकेक पेडल काढून बघितला, गुडघ्यावर बसून मी पॅच केबलशी झटतोय आणि काचेपलीकडून सगळे माझ्याकडे बघतायत. अरेंजर घड्याळ बघत नव्हता, ते जास्त वाईट होतं. ड्रमर किटमागेच भिंतीला टेकून झोपला. पाऊण तासाने इंजिनिअर आत आला, एक शब्द बोलला नाही, माझ्या गिटारची केबल बोर्डातून उपटली आणि सरळ अ‍ॅम्पमध्ये खुपसली. मग अ‍ॅम्पसमोरचा माइक, साधा एसएम ५७, स्पीकरच्या मध्यावर रोखलेला होता तो त्याने दोन बोटं बाजूला सरकवला, इतकाच, आणि बाहेर गेला. दुसऱ्या टेकला गिटार झाली. प्लेबॅकला पहिल्यांदा मला माझी गिटार गाण्यात ऐकू आली, जाड नाही, चमकदार नाही, पण होती, स्वतःच्या जागेवर होती.

त्यातून शहाणपण आलं असं तुला वाटत असेल. छे. मला अपमान वाटला. पुढच्या सेशनला मी तोच बोर्ड आणला, वर नवीन महागडा पॉवर सप्लाय लावून. हूं गेली, पण गिटार परत हरवली. आणखी सहा वर्षं गेली त्यात. तुझी सहा वर्षं जाऊ नयेत म्हणून लिहितोय, आणि खरं सांगायचं तर माझी गेली त्याची चुटपुट आहे म्हणूनही लिहितोय.

तो दोन बोटांचा सरकवलेला माइक लक्षात ठेव. स्पीकरच्या मध्यावर माइक रोखला की आवाज तीक्ष्ण, कडेकडे नेला की मऊ आणि गडद. ट्रेबल टोचतोय म्हणून पेडल बदलणारी माणसं मी पाहिलीत, माइक सरकवणारी फार कमी.

अ‍ॅम्पचं पण ऐक. मी एक छोटा बावीस वॅटचा अ‍ॅम्प विकून शंभरचा घेतला होता, का तर मोठी माणसं मोठे अ‍ॅम्प वापरतात. पन्नासचे शंभर वॅट केले तर फरक फक्त ३ डेसिबलचा, कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. स्टुडिओत तो शंभरचा राक्षस मी कधी व्हॉल्यूमच्या दोनच्या पुढे नेऊ शकलो नाही, आणि दोनवर तो झोपलेला असतो. छोटा अ‍ॅम्प पाचवर जागा होतो, तू हळू वाजवलंस की स्वच्छ, जोरात वाजवलंस की स्वतःच फाटायला लागतो, म्हणजे एक ड्राइव्ह पेडल तसाच वाचला. तो छोटा अ‍ॅम्प नंतर कधी मिळाला नाही परत. दुसरे मिळाले, तो नाही. असो.

आणि सगळे नॉब पाचवर म्हणजे "फ्लॅट" हे कुणी सांगितलं तुला? जुन्या धाटणीच्या फेंडर अ‍ॅम्पचं टोन सर्किटच असं आहे की पाच-पाच-पाचवर मिड्स दबलेले असतात, सपाटच्या जवळ जायचं तर बेस आणि ट्रेबल जवळजवळ शून्य आणि मिड दहा करावं लागतं. तसं वाजव असं म्हणत नाहीये. नॉबवरचे आकडे बघू नकोस म्हणतोय. गाण्यात ऐक आणि फिरव.

आता सगळ्यात स्वस्त पेडल, जो तुझ्याकडे आधीच आहे आणि तू कधी हात लावत नाहीस. गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब. तिन्ही फाइलीत तो दहावर आहे, पैज लावतो. सातवर घे. ड्राइव्ह चालू राहू दे, सातवर तो निवळतो, अंतऱ्याला ते पुरतं, मग मुखड्याला दहावर आण. दोन टोन झाले, पायाने काही न दाबता. खाली घेतलं की थोडी चमक जाते, हो जाते, पण चमक गेली की नाही हे खोलीत ठरवू नकोस, बहुतेक वेळा झांजा आधीच ती जागा भरून असतात आणि तुझी चमक गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

केबलचं थोडक्यात. सहा मीटरच्या साध्या केबलला साधारण सहाशे पिकोफॅरडची कपॅसिटन्स (विजेचा भार साठवायचा गुण) असते आणि ती वरचे सूर खाते, त्यात तुझे ट्रू बायपास पेडल, म्हणजे बंद असताना सिग्नल जसाच्या तसा पुढे सोडणारे, आणि त्यांच्या मधल्या केबली सगळ्या बंद असतानाही रांगेत उभ्या. मग आवाज बोथट झाला म्हणून तू ट्रेबल बूस्टर घ्यायचा म्हणतेस. अगं पेडल कमी कर. नाहीच करायचे तर सुरुवातीला एक बफर टाक, लांब केबलीतही सिग्नल टिकवणारा डबा. बास.

रिव्हर्बवर मात्र जरा थांबणार आहे, कारण इथे माझं हसं झालंय. एका गाण्यात मी हट्टाने माझा रिव्हर्ब टेकमध्येच रेकॉर्ड करायला लावला, "तोच माझा साउंड आहे" म्हणून. महिन्याभराने गाणं बदललं, लय तीच पण गाणारी अगदी कानाशी आल्यासारखी कोरडी ठेवायची ठरली, आणि माझी गिटार मागे विहिरीत. रेकॉर्ड झालेला रिव्हर्ब धड काढता येत नाही. गिटार दुसऱ्याकडून परत वाजवून घेतली. मला कळवलंही नाही कुणी, गाणं ऐकल्यावर कळलं. तेव्हापासून मी कोरडं देतो, सोबत डीआयचा, म्हणजे अ‍ॅम्पशिवाय थेट गिटारमधून घेतलेला, वेगळा ट्रॅक ठेवायला सांगतो, म्हणजे उद्या कुणाला तोच टेक दुसऱ्या अ‍ॅम्पमधून फिरवून घ्यायचा असेल तर घेता येतो. डिले, म्हणजे वाजलेलं थोड्या वेळाने परत ऐकवणारा पेडल, चालतो, कारण तो तालाचा भाग असतो, पण मग हिशोब करून: साठ हजार भागिले टेम्पो, १२० च्या टेम्पोला एक मात्रा ५०० मिलिसेकंद, ती लाडकी उडती डॉटेड एट्थ, म्हणजे पाऊण मात्रा, हवी तर ३७५. अंदाजाने फिरवायचा नाही.

यालाच लोक माझा हेकटपणा म्हणतात. म्हणू देत. एकदा एका संगीतकाराला तरंगणारा, धुक्यासारखा आवाज हवा होता आणि मी त्याला अर्धा तास पटवत बसलो की या गाण्याला तो नको. परत त्याने बोलावलं नाही. अजूनही मला वाटतं मी बरोबर होतो, गाण्याच्या बाबतीत. पण गाणं त्याचं होतं, आणि तो जे ऐकत होता ते मी ऐकायला हवं होतं, तेही गाण्यात ऐकणंच झालं, हे मला घरी येताना कळलं. तू असं करू नकोस. धुकं मागितलं तर दे, फक्त वेगळ्या ट्रॅकवर दे.

"याचं सगळं एकसारखंच वाजतं" हेही ऐकलंय मी माझ्याबद्दल, तू पण ऐकलं असशील. गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर १९६० च्या दशकात मेम्फिसला स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत टेलिकास्टर गिटार घेऊन बसायचा, मोजके सूर, मधे भरपूर मोकळी जागा, आणि गाण्यामागून गाणी त्यावर उभी राहिली. तिथे कुणी पेडल मोजत नव्हतं. मी क्रॉपर नाही, माहितीये. पण एकसारखं वाजतं म्हणणाऱ्यांनी मला पुन्हा पुन्हा बोलावलंय, ते कशासाठी? जाऊ दे, हे तुझ्यासाठीचं पत्र आहे, माझी बाजू मांडायला दुसरी जागा शोधतो.

मॉडेलर, म्हणजे अ‍ॅम्प आणि पेडलांची डिजिटल नक्कल करणारा डबा, घेऊ का विचारलंयस. घे. मला त्यात काही पाप दिसत नाही, पण त्यात दोनशे अ‍ॅम्प असतात आणि तुझा स्वभाव बघता तू दोनशेही एकेकटे ऐकशील. एक निवड, एक ड्राइव्ह, एक डिले, आणि बाकीचे महिनाभर उघडू नकोस.

आता काम सांगतो. ज्या गाण्यात तुझी गिटार हरवली ना, त्याचा मिक्स मागून घे, तुझा ट्रॅक वगळून. मुखडा लूपवर टाक, स्पीकरवर, जरा मोठ्याने, दिवसा. बोर्ड बाजूला. गिटार, केबल, अ‍ॅम्प. आधी गिटार बंद ठेवून दोन फेऱ्या नुसतं ऐक की जागा कुठे आहे, कधीकधी जागा नसतेच, मग तिथे वाजवायचं नाही, तेही चालतं. मग वाजव आणि वाजवता वाजवता नॉब फिरव, एकावेळी एकच. बेस इतका कमी कर की एकटी ऐकली असती तर तुला लाज वाटली असती. टोचलं तर आधी पिक धरायचा कोन बदल, मग गिटारचा टोन नॉब, मग अ‍ॅम्पचा. एवढं करून काही कमी वाटलं तर त्या अकरातला एक, एकच, आण. मला वाटतं तू हिरवा आणशील.

तारा पण बदल, फोटोत काळ्या दिसल्या. आणि ज्या पेडलांत बॅटरी आहे त्यांच्या इनपुटमधला जॅक काढून ठेवत जा, जॅक आत राहिला की ते चालूच राहतात, मग सेशनला आवाज मरतो आणि आपण टोनला शिव्या घालतो.

रविवारपर्यंत फाइल पाठव. एकच. गाण्यासकट. नुसती गिटार पाठवलीस तर उघडणार नाही.