पाणी जिरलं, आता वाटायचं कसं?

प्रश्न : गावात समतल चर, नालाबांध झाले. विहिरींना पाणी वाढलं, तसे बोअरही वाढले. मार्च उजाडला की पुन्हा टँकर. पाण्याचा ताळेबंद मांडा असं सगळे सांगतात. पण तो नेमका मांडायचा कसा? – एक वाचक, पारनेर तालुका

पाऊस ओसरला की लगेच मांडा. गहू, हरभरा, कांदा यांचं बियाणं घरात येण्याआधी. एकदा पेरणी झाली की ताळेबंद नुसता भिंतीवर लिहायचा फलक उरतो.

जमेची बाजू आधी. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजेच १०,००० लिटर पाणी. समजा, शिवार ८०० हेक्टर आणि पाऊस ४५० मिमी. ८०० × ४५० × १० = ३६ लाख घनमीटर. हा आकडा मोठा दिसतो आणि इथेच गावं फसतात. यातलं बरंचसं पाणी पिकांतून आणि जमिनीवरून हवेत जातं, काही ओढ्याने वाहून जातं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पावसाच्या साधारण ७ ते १४ टक्केच पाणी भूजलाला मिळतं. १० टक्के धरले तर ३ लाख ६० हजार घनमीटर. बंधाऱ्यात अडलेलं पाणी यात पुन्हा मिळवू नका. त्यातलं जिरणारं पाणी विहिरीतच येणार असतं, ते दोनदा मोजलं जातं.

आता खर्च. माणशी रोज ५५ लिटर धरून १,८०० माणसांना वर्षाला सुमारे ३६ हजार घनमीटर. ६०० मोठी जनावरं (रोज ५० लिटर) आणि ८०० शेळ्या (६ लिटर) यांना मिळून पावणेतेरा हजार. म्हणजे माणसं आणि जनावरं मिळून ४९ हजार घनमीटर. हे पाणी सगळ्यांत आधी बाजूला काढायचं. उरले ३ लाख ११ हजार. त्यातला तिसरा हिस्सा लांबलेल्या पावसासाठी आणि झऱ्यांनी वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी सोडा. शेतीला राहिले साधारण २ लाख घनमीटर.

या २ लाखांत ऊस लावला, तर हेक्टरी २० हजार घनमीटर धरून १० हेक्टर भिजेल. हरभऱ्याला साडेसात सेंटीमीटर पाण्याच्या दोन पाळ्या दिल्या, तर हेक्टरी दीड हजार लागतात, म्हणजे १३३ हेक्टर. २५ एकर की ३३० एकर, हा प्रश्न ग्रामसभेत फळ्यावर लिहून विचारा. हिवरे बाजारने पाण्याचा हिशोब करून पिकं ठरवली, ऊस-केळीला आणि शेतीसाठीच्या बोअरला नकार दिला, तो याच गणितावर.

चुका कुठे होतात तेही सांगतो. पाऊस महसूल मंडळाच्या केंद्रावरचा घेतात. दहा किलोमीटरवर पाऊस वेगळा असतो, म्हणून शाळेत स्वतःचं पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद करा. विहिरी मोटार चालू असताना मोजतात. पाच-सहा विहिरी ठरवा, कठड्यावर रंगाची खूण करा, पहाटे मोटारी सुरू होण्याआधी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये पातळी घेते; तेच महिने धरलेत तर तुलना करता येईल. आणि उपसा कधीच अंदाजाने लिहू नका. २०० लिटरचं पिंप मोटारीच्या तोंडाखाली धरा. ते २५ सेकंदांत भरलं, तर सेकंदाला ८ लिटर. आठ तास वीज असेल तर त्या एका मोटारीचे दिवसाला २३० घनमीटर. अशा किती मोटारी चालतात, हे वायरमनला आणि गावाला ठाऊक असतंच.

शेततळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलेल्या शेततळ्याबद्दल तक्रार नाही. पण विहिरीतून उपसून प्लास्टिकच्या कागदावर साठवलेलं पाणी म्हणजे सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाने उन्हात मांडून ठेवणं. ३० × ३० मीटरच्या तळ्यातून मे महिन्यात रोज ८ मिमी उडालं, तरी ७,२०० लिटर गेले. १३० माणसांची दिवसाची गरज. कागद असल्याने थेंबही परत जमिनीत जात नाही. ग्रामसभेत पहिला ठराव याचाच करा : उपसून शेततळं भरायचं नाही. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे, त्याचा आधार घ्या; पण बोअरची गाडी गावात शिरताना अडवणारा ठराव गावाचाच लागतो.

प्रश्न : आमच्या वस्तीतल्या बायकांनी चर खोदायला दोन महिने श्रमदान केलं. आम्हाला जमीन नाही. पाणी वरच्या आळीच्या विहिरींना आलं. आम्ही काय मागू शकतो? – एक वाचक, माण तालुका

ताई, पाण्यातला हिस्सा मागा. तो उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागा. याला आपल्याच मातीतला दाखला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने दिलं नाही, घरातल्या माणसांच्या मोजणीने दिलं : माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनांनाही हिस्सा. ऊस बंद. जमीन विकली तर पाणी जमिनीबरोबर जात नव्हतं. पाऊस चुकल्याचा पहिला फटका मजुरी करणाऱ्याला बसतो, पेरणीच नसेल तर खुरपणीही नसते; म्हणून पाणी वाढल्यावर पहिला विचार त्यांचाच व्हायला हवा, असं आमचं ठाम मत आहे.

प्रत्यक्षात कसं करायचं? वरच्या उत्तरातल्या २ लाख घनमीटरपैकी दहावा हिस्सा, २० हजार घनमीटर, भूमिहीन कुटुंबांच्या गटाच्या नावे ठरावात लिहून घ्या. दोन पाळ्यांच्या हरभऱ्याचे ते १३ हेक्टर होतात. गटाने कोरडवाहू जमीन वाट्याने घ्यायची : जमीन मालकाची, पाणी तुमचं. कराराला तोंडी शब्द पुरत नाही. कोणत्या विहिरीतून, आठवड्यातल्या कोणत्या दिवशी, किती तास, हे लिहिलेलं हवं. हिस्सा कायमचा विकता येणार नाही, हेही लिहा. नाहीतर एका अडचणीच्या वर्षात तो मोठ्या बागायतदाराकडे जातो आणि परत येत नाही. याखेरीज पाझर तलावातली मासेमारी आणि पाणलोटातला चारा गटाला मिळावा अशी मागणी जोडा.

श्रमदानाची हजेरी वहीत उतरवलेली नसेल तर आत्ताच आठवून लिहा, अंगठे-सह्या घ्या. पुढच्या कामाला पहिल्या दिवसापासून वही. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. मागणी तिथे मंजूर करून इतिवृत्तात आणा, म्हणजे ग्रामसभेत ती टाळता येत नाही.

आणि एक छोटी पाहणी. १५ लिटरचा हंडा नळाखाली ठेवून वरच्या आळीत भरायला किती वेळ लागतो आणि तुमच्या शेवटच्या नळाला किती, हे सात दिवस घड्याळ लावून लिहा. वर एक मिनिट आणि खाली सहा मिनिटं असा कागद समोर ठेवला, की ‘पाणी सगळ्यांना सारखंच सोडतो’ हे वाक्य बंद होतं. बहुतेक वेळा उपाय साधा असतो : वरच्या जोडण्यांना लावलेल्या मोटारी काढणं आणि व्हॉल्व्ह बसवून खालच्या वस्तीला आधी पाणी सोडणं.

प्रश्न : एक कंपनी गायरानात झाडं लावून कार्बन क्रेडिटचे पैसे गावाला देणार म्हणते. सही करावी का? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

आज नको. एक क्रेडिट म्हणजे झाडांनी हवेतून शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, आणि ते विकलं जातं. तो टन तुमच्या गायरानात मुरणार आणि धूर दुसरीकडे कुणीतरी सोडणार, हा या व्यवहाराचा पाया आहे. म्हणून करार मराठीत मागा आणि या गोष्टी तपासा : मुदत किती (२०, ३०, ४० वर्षांचे करार असतात), क्रेडिटची मालकी कोणाची, गावाचा हिस्सा विक्रीच्या रकमेवर की ‘खर्च वजा जाता’ उरणाऱ्या रकमेवर, वणवा लागला किंवा झाडं वाळली तर भरपाई कोणी द्यायची. ‘खर्च वजा जाता’ असेल तर खर्चाची वही कंपनीची असते, आणि वर्षानुवर्षं काहीच उरत नाही.

गायरान ग्रामपंचायतीने कोणालाही देऊन टाकायची वस्तू नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम २२-अ मध्ये गुरचरणाचा वापर बदलण्यावर बंधन आहे आणि २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी राखायला सांगितलं आहे. सरपंचाची एकट्याची सही पुरेशी मानू नका. पाच वर्षं चराई बंद राहिली तर शेळ्या-मेंढ्या कुठे जाणार, हे मेंढपाळ कुटुंबांना सभेत बोलावून विचारा आणि त्यांचं उत्तर इतिवृत्तात लिहा. झाडं हवीच असतील तर तिसरा भाग आळीपाळीने बंद ठेवून बोर, बाभूळ, अंजन, पवना-मारवेल गवत असं चाऱ्याचं मिश्रण गावानेच लावावं.