उन्हाळ्यात जगवता येतील तेवढीच झाडे पावसाळ्यात लावा

नमस्कार. भुसावळमधील आपल्या वसाहतीच्या ओपन स्पेसवरची, म्हणजे सर्वांसाठी राखून ठेवलेल्या मोकळ्या जागेवरची, बाग सात-आठ वर्षांपासून पडीक आहे, कुंपण मोडले आहे, आत गाजरगवत कमरेएवढे वाढते आणि जुनी पाच-सहा झाडे तेवढी तग धरून आहेत; आता वीस-बावीस रहिवासी दर रविवारी श्रमदानाला तयार झाले आहेत, तर सुरुवात कोठून करावी आणि येत्या पावसाळ्यात दोनशे रोपे लावावीत का, असे आपण विचारले आहे. धुळ्यात देवपूर भागातील अशाच एका बागेत मी अकरा वर्षांपासून काम करतो आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

दोनशे रोपे लावू नका. पहिल्या वर्षी चाळीस किंवा फार तर पन्नास लावा. आम्ही पहिल्या जुलैत 120 रोपे लावली होती. शाळेची मुले आली, खड्डे झाले, छायाचित्रे निघाली आणि दिवाळीपर्यंत एकही रोप गेले नाही, त्यामुळे आपले काम झाले असे आम्हा सर्वांना वाटले. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा आल्या, एप्रिलमध्ये लग्नसराई सुरू झाली, रविवारी येणारे अठरा जण चारांवर आले आणि त्याच सुमारास बोअरचे पाणी तुटू लागले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी आम्ही मोजणी केली तेव्हा 31 रोपे हिरवी होती. लोकांचा उत्साह कमी पडला, असे तेव्हा आम्ही म्हणत होतो. खरे कारण असे होते की, मे महिन्यात आपल्याजवळ किती पाणी आणि किती माणसे असतील, याचा हिशेब जुलैत कोणीच केला नव्हता.

तो हिशेब आपण आताच कागदावर मांडा. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण 600 ते 700 मिलिमीटर पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात, आणि मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर पाणी द्यावे लागते असे धरा. शंभर रोपांना आठवड्याला 4,000 लिटर झाले. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे सतरा आठवडे धरले तर 68,000 लिटर, म्हणजे 5,000 लिटरचे जवळजवळ चौदा टँकर लागतात. बागेतील बोअर मे महिन्यात चालत नसेल आणि नळाला पाणी काही दिवसांआड येत असेल, तर हे पाणी कोठून येणार, त्याचे पैसे कोण देणार आणि टँकर आल्यावर दुपारी तेथे उभे कोण राहणार, या तीन प्रश्नांची उत्तरे नावानिशी लिहून काढा. जेवढ्या झाडांची उत्तरे मिळतील तेवढेच खड्डे घ्या.

पाण्याइतकेच लक्ष मातीकडे द्या, कारण तापी खोऱ्यातल्या काळ्या मातीचा स्वभाव समजल्याशिवाय पाण्याचा हिशेबही जुळत नाही. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. तिसऱ्या उन्हाळ्यात नियमित पाणी देऊनही आमचा एक करंज सुकू लागला. त्याच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर एक भेग गेली होती, तीत माझा हात मनगटापर्यंत शिरला. कोरडी ढेकळे उकलून पाहिले तेव्हा सुतळीएवढी दोन मुळे मधोमध तुटलेली दिसली. त्यांची टोके वाळून तपकिरी झाली होती आणि आम्ही दिलेले पाणी त्या भेगेतून मुळांना न शिवता खाली निघून गेले होते. आमच्यासोबत काम करणारे एक निवृत्त माळी, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, ते शेजारी बसले होते. "पानी नही, माटी देख भाऊ," एवढेच ते म्हणाले आणि खुरपे घेऊन भेग बुजवू लागले.

त्या दिवसापासून आम्ही जानेवारीच्या अखेरीस, भेगा पडण्याच्या आधीच, प्रत्येक आळ्यातील वरची दोन-तीन बोटे माती खुरप्याने मोकळी करतो. एक कोळपणी (पिकातली वरवरची खुरपणी) अर्ध्या पाण्याइतकी, असे शेतकरी म्हणतात ते उगीच नाही. वरचा थर भुसभुशीत राहिला की खालची ओल टिकते. त्यावर वीतभर जाडीचे आच्छादन घालतो. आपण तर रावेर-यावलच्या केळीपट्ट्याच्या उंबरठ्यावर आहात, केळीची वाळलेली पाने आपल्याला सहज मिळतील. गव्हाचा भुसाही चालतो. कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या वाळक्या काड्या, तुकडे करून घालता येतात, पण त्यांच्यावर न फुटलेली बोंडे असतील तर त्या आणू नका, कारण अशा बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि आसपासच्या शेतकऱ्यांना त्याचा त्रास होतो. (आमच्या पऱ्हाट्यांपैकी चांगल्या पेंढ्या आप्पा हिवाळ्यात भरिताची वांगी भाजण्यासाठी बाजूला काढून ठेवतात, भरिताच्या दिवशी बागेत सर्वांत जास्त हजेरी असते, हेही आपल्याला उपयोगी पडेल.) आच्छादन खोडाला चिकटू देऊ नका, चार बोटे जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी लागते आणि साल कुजते.

हीच माती पावसाळ्यात उलट वागते. एप्रिलमध्ये दोन फूट लांब, रुंद आणि खोल असा एक खड्डा घ्या, तो पाण्याने भरा, ते पाणी जिरू द्या आणि पुन्हा एकदा भरून दुसऱ्या दिवशी पाहा. चोवीस तासांनंतरही तळाशी पाणी उभे असेल तर त्या जागी खड्ड्यात झाड लावू नका. वीत-दीड वीत उंच मातीचा उंचवटा करून त्यावर लावा, नाहीतर श्रावणात मुळे कुजतील. वसाहतींच्या ओपन स्पेसमध्ये अनेकदा बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो, तोही या खड्ड्यात दिसेल. विटा आणि प्लास्टरचा चुना निघाला तर त्या जागेची माती बदलावी लागेल.

ठिबक जरूर बसवा. ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर एका झाडाला दिले तर वीस लिटर पाणी अडीच तासांत जाते आणि एक माणूस सगळी बाग सांभाळू शकतो. मात्र ठिबक बसवले म्हणजे जबाबदारी संपली, असे समजू नका. आपल्याकडील बोअरच्या जड पाण्यामुळे ड्रिपरच्या तोंडाशी क्षारांची पांढरी खपली धरते आणि झाड वाळू लागेपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही. दर आठवड्याला फिल्टर धुवावा, दर पंधरवड्याला नळ्यांची शेवटची टोके उघडून घाण वाहू द्यावी आणि पाणी सुरू असताना एकाने प्रत्येक झाडापाशी वाकून थेंब पडतो आहे का ते पाहावे. उन्हाळ्यात तहानलेल्या खारी नळ्या कुरतडतात, म्हणून जागोजागी मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवा. आमच्याकडे त्याने बराच फरक पडला.

आता जुन्या झाडांविषयी, ज्यांच्याबद्दल आपण एकच ओळ लिहिली आहे. ती पाच-सहा झाडे हीच आपली खरी बाग आहे, म्हणून पहिले दोन रविवार त्यांनाच द्या. खोडात रुतलेल्या जाळ्या, फलकांचे खिळे, फ्लेक्सच्या तारा काढा. आमच्या कडुनिंबाला लहानपणी लावलेली लोखंडी जाळी कोणी काढलीच नव्हती. सालीने ती ओठांनी दाबून धरावी तशी अर्धी गिळली होती. आम्ही बाहेरचे गज कापले आणि आत गेलेले तसेच राहू दिले, कारण ते ओढून काढले असते तर सालीला मोठी जखम झाली असती. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट असेल तर छिन्नी-हातोड्याने किमान तीन फूट माती मोकळी करा.

या कामासाठी जेसीबी मात्र आणू नका. आम्ही सफाई लवकर व्हावी म्हणून आणला होता. त्याने गवताबरोबर वरची सकस माती खरवडून नेली आणि एका मोठ्या शिरीषाची एका बाजूची मुळे तोडली. पुढच्या वर्षी वळवाच्या वादळात ते झाड त्याच बाजूने उन्मळून पडले. ही चूक आमची होती आणि ते झाड परत मिळणार नाही.

फांदी तोडायची असली तरी आधी लेखी परवानगी घ्या. नगरपालिका हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून अधिक संरक्षण मिळाले आहे.

गाजरगवत पांढरी फुले येण्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल आवश्यक आहे, कारण अनेकांना त्याची कातडीची आणि श्वासाची ॲलर्जी होते. दमा असलेल्यांना हे काम देऊ नका. मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचे बी फेका, तो गाजरगवताला डोके वर काढू देत नाही.

झाडे कोणती, याला मी थोडक्यात उत्तर देतो. कडुनिंब, करंज, बहावा, आपटा, कांचन, बेल, आवळा आणि कुंपणाला मेंदी. वड-पिंपळ एखादाच, भिंती आणि नळांपासून दूर. गुलमोहर टाळा, तो मूळचा मादागास्करचा आहे आणि त्याच्या फांद्या वादळात मोडतात, खाली मुले खेळत असतात. एक-दोन अंजन मात्र अवश्य लावा. सातपुड्यातले हे झाड सुरुवातीची काही वर्षे वर वाढताना दिसत नाही, कारण आधी ते मूळ खोल उतरवते. त्या काळात ते मेले समजून कोणी उपटणार नाही याची काळजी घ्या. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत रोपे नाममात्र दरात मिळतात. पिशवी फाडून मुळे पाहा, तळाशी वेटोळे झाले असेल तर ते रोप घेऊ नका. हिरवळीचा मोह पहिली तीन वर्षे तरी आवरा, ते सगळे पाणी झाडांना लागणार आहे.

कामाला हात लावण्याआधी नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. जागा नगरपालिकेकडे हस्तांतरित झाली आहे की अजून लेआउट करणाऱ्याच्या, म्हणजे वसाहतीचे प्लॉट पाडणाऱ्याच्या, नावावर आहे, हे आधी पाहा. पाणी, वीज आणि फाटकाची किल्ली कोणाकडे राहील, हे त्या पत्रव्यवहारात स्पष्ट असू द्या.

वीस-बावीस माणसांची रविवारची यादी करू नका. प्रत्येकाला दोन झाडे आणि आठवड्यातला एक वार नेमून द्या, आणि गावाला जाताना आपली झाडे कोणावर सोपवली ते वहीत लिहायला सांगा. उन्हाळ्यात काम सकाळी सहा ते आठ एवढेच ठेवा. महिलांना केवळ कार्यक्रमापुरते बोलावू नका; आमच्या बागेत कडुनिंबाला आखाजीचे झोके बांधायला लागल्यापासून माहेरवाशिणी आणि त्यांच्या आया त्या झाडाखाली एकही कागद पडू देत नाहीत, आणि मे महिन्यातील पाण्याच्या पाळ्यांपैकी निम्म्याहून अधिक आज त्याच सांभाळतात.

खड्ड्यातले पाणी किती तासांत जिरले आणि मागच्या मे महिन्यात बोअर दिवसातून किती वेळ चालत होता, एवढे पाहून मला कळवा. त्यावरून किती रोपे लावायची आणि ठिबकची नळी कशी फिरवायची, ते आपण मिळून ठरवू.