मूत्राशयाची गाठ : अहवालातील ‘ग्रेड’ आणि ‘टी’

प्रश्न : लघवीतून रक्त गेल्यामुळे वडिलांच्या मूत्राशयातील गाठ दुर्बिणीने काढली. बायोप्सीत ‘युरोथेलियल कार्सिनोमा, हाय ग्रेड, टी-१, नमुन्यात स्नायू नाही’ असे आले आहे. याचा अर्थ काय? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पहिले दोन शब्द गाठीचा प्रकार सांगतात. मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीपासून मूत्रवाहिनी आणि मूत्राशयापर्यंत एकाच जातीचे अस्तर (युरोथेलियम) असते व मूत्राशयाचे बहुतेक कर्करोग त्यातूनच उद्भवतात. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७३ च्या पद्धतीत तीन श्रेणी होत्या, २००४ पासून मुख्यतः लो आणि हाय अशी विभागणी होते.

‘टी’ मात्र खोली सांगतो. टी-ए अस्तरापुरती, टी-१ अस्तराखालच्या थरात, टी-२ स्नायूत, टी-३ बाहेरच्या चरबीत आणि टी-४ शेजारच्या अवयवांत शिरलेली गाठ. सपाट असलेली टीआयएस (अस्तरातच राहिलेली ‘कार्सिनोमा इन सिटू’ ही गाठ) वरवरची असूनही नेहमी हाय ग्रेड असते, म्हणून तिला किरकोळ समजू नये.

आपल्या अहवालातील शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण नमुन्यात स्नायूच आला नसेल तर गाठ टी-१ वर थांबली आहे की टी-२ पर्यंत पोचली आहे हे खात्रीने सांगता येत नाही, आणि या एका फरकावर मूत्राशय राखून त्यात बीसीजी (क्षयरोगाच्या लशीतले औषध) सोडण्याचे उपचार करायचे की मूत्राशय काढण्याचा विचार करायचा हे बरेचसे ठरते. अशा वेळी साधारणतः दोन ते सहा आठवड्यांत दुर्बिणीने पुन्हा त्याच जागेचा नमुना घेतात. त्याबद्दल आपल्या युरॉलॉजिस्टना लगेच विचारावे.